मुका ठसका

निवृत्ती गेल्याचा निरोप घेऊन स्टेशनवरचा हमाल दवाखान्यात आला, तेव्हा मी खलात मलम घोटत होतो. तीन दिवसांचा ताप काय आणि असा धडधाकट माणूस जातो काय... पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आलाच नाही. हमाल म्हणाला, "जल्दी चला कंपाउंडरसाहेब, समदं स्टेशन तिकडंच गेलंय. मुकादम, गार्डसाहेब, समदे. पाय ठेवाया जागा न्हाई." आणि मला वाटलं, माझ्या मयतीला इतकी माणसं येतील का? सख्खा साडू घरात निजलेला आणि मी त्याच्या अंगणातल्या गर्दीवर जळत होतो. महिना उलटून गेला, तरी स्वतःची ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

निवृत्ती म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, गोदाचा नवरा. आष्टीची सासुरवाडी दोघांची एकच. त्याला रेल्वेत चिकटवला तोही मीच, जालना स्टेशनवर सांधेवाला म्हणून. गाडी आली की दांडा ओढून रूळ बदलायचे, एवढंच काम. शिक्षण तिसरी. मी रेल्वेच्या दवाखान्यातला कंपाउंडर, सिकंदराबादेहून प्रथमोपचाराची सनद घेऊन आलेला. ती सनद मी स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावली होती. त्यामुळे स्टेशनच्या माणसांना पहिले उपचार शिकवण्याचं काम डॉक्टरसाहेबांनी मला दिलं, यात मला काही नवल वाटलं नाही. मी फळ्यावर श्वासनलिका काढायचो, अन्ननलिका काढायचो, आणि समोर बसलेले हमाल ओळीनं जांभया द्यायचे.

घास अडकल्याचा धडा आला त्या दिवशी मी जरा तापलोच होतो. आपल्याकडे कुणाला ठसका लागला की सगळे एकच करतात. टाळूवर थापटतात आणि म्हणतात, वर बघ, वर बघ! वरून पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात. हे चूक आहे, हे मी तीनदा सांगितलं, पण का चूक आहे ते कुणाच्या डोक्यात शिरेना. तेव्हा मागून निवृत्ती उठला. म्हणाला, "साडूभाऊ, मी सांगू का? अरे, तांब्याच्या गळ्यात लिंबू अडकलं तर तांब्या उभा धरून बडवता का पालथा घालता? मंग माणसाला वर बघ काऊन म्हणता? वाकवा त्याला, अन् दोन खांद्यांच्या मधी हाणा. पर खोकून राह्यला त्याला खोकू द्या, त्याचं तो बघंल. ज्याचा आवाजच निघंना, तो मुका ठसका. तिथं वाट पाह्यची न्हाई बिलकुल."

हमाल हसले आणि हसता हसता शिकले. मुका ठसका हा शब्द माझ्या पुस्तकात कुठंच नव्हता. डॉक्टरसाहेब दारात उभे होते हे मला फार उशिरा दिसलं. पुढच्या वर्गाला त्यांनी मला मागं बसवलं आणि निवृत्तीला पुढं उभं केलं. पोरं त्याला उस्ताद म्हणायला लागली. मला शेवटपर्यंत कंपाउंडरसाहेबच म्हणत राहिली. साहेब शब्दात मान असेल, पण उस्ताद शब्दात जीव असतो, आणि तो मला कुणी दिला नाही.

त्याच साली अधिक महिना आला. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला आष्टीला बोलावलं. बायका आत चुलीपाशी, बाहेर पाटांवर आम्ही तिघंच. मामांचे दात गेलेले, पण गोडाची हौस तशीच. निवृत्तीच्या कसल्याशा थट्टेवर हसता हसता त्यांनी पुरणाचा अख्खा धोंडा तोंडात टाकला आणि एकदम गप्प झाले. हात गळ्याशी. डोळे मोठे. आवाज नाही.

आणि मी, सिकंदराबादेचा सनदवाला, उठून त्यांच्या टाळूवर थापट्या मारायला लागलो. "वर बघा मामा, वर बघा!" एका हातानं मी तांब्याही उचलला होता. मामांचे ओठ निळे पडत चालले, तरी माझ्या तोंडून दुसरं काही निघेना... निवृत्तीनं मला असं ढकललं की मी ताटावर पडलो. त्यानं मामांना डाव्या हातावर ओणवं केलं आणि तळहाताच्या बुडानं पाठीत हाणलं. चौथ्या फटक्याला धोंडा बाहेर पडला आणि मामा लहान मुलासारखे हुंदके देत श्वास घ्यायला लागले.

सासूबाई धावत बाहेर आल्या तेव्हा मी मामांचं कपाळ धरून बसलो होतो. "काय झालं वो?" म्हणाल्या. निवृत्ती म्हणाला, "काई न्हाई मामी. साडूभाऊ व्हते म्हणून वाचले." पाठीवर कुणाचा हात पडला हे मामांना कुठं माहीत! त्यांनी थोरल्या जावयाला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. मी तो बांधून घेतला. निवृत्ती समोर बसून उरलेले धोंडे खात होता. चिडला असता, चारचौघांत बोलला असता, तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही. परतताना मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि त्या दिवसाबद्दल पुढं आयुष्यात कधीच नाही.

दहाव्याला गोदाकडे बसलो होतो. तिथं यूसुफ नावाचा तरुण हमाल पुढं येऊन माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुमीच ते साडूभाऊ का? उस्ताद वर्गाच्या पयल्या दिवशी तुमचीच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, मी येडा मामांची टाळू बडवीत व्हतो, वर बघा वर बघा म्हणत. साडूभाऊनं मला ढकललं ते थेट ताटावर! मंग वाकवलं मामांना. आमी लई हसायचो." गोदा आमच्याकडे पाहत होती. फेट्यासारखं मी ते पाया पडणंही स्वीकारलं.

आता डॉक्टरसाहेबांनी वर्ग पुन्हा माझ्याकडे दिला आहे. मालधक्क्याच्या खोलीत निवृत्तीनं सरकी भरलेलं एक पोतं खुंटीला टांगलं होतं, माणसाची पाठ म्हणून. हाणून हाणून मधोमध काळा डाग पडला आहे. परवा त्या पोत्याशेजारी उभं राहून मी गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. टाळू कुणी बडवली, ताटावर कोण पडलं, फेटा कुणाच्या डोक्यावर बसला, सगळं. पोरं पोट धरून हसली. माझ्या वर्गात आजवर कुणी हसलं नव्हतं. डोळे पुसत मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एवढं होऊनही मनात आलं... त्याच्या वेळी जास्त हसत असतील.