काचेवरच्या तीन टिचक्या

आधीच सांगतो, मी चकवा-बिकवा मानणारा माणूस नाही. फिजिक्स घेऊन पास झालोय (दुसऱ्या खेपेला, पण झालोय!). तरी हे लिहितोय, कारण यातल्या एका आकड्याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

सत्त्याण्णवचा मे. मी मलकापूरचा, आणि कराडच्या धावपट्टीवर विमान शिकत होतो. त्या दिवशी एकट्यानं सांगलीकडं जाऊन परत यायचं होतं. हे निर्विघ्न पार पडलं की लायसन्स जवळ जवळ खिशात!

विमानातला उंचीमापक म्हणजे हवेचा दाब मोजणारी एक डबी. वर जाल तसा दाब कमी होतो, त्यावरून ती उंची सांगते. पण हवामान बदलून दाब पडला तरी त्या बिचारीला वाटतं आपण वर चढलो. म्हणून त्या दिवसाच्या दाबाचा आकडा बटण फिरवून डबीवरच्या छोट्या खिडकीत आधी लावावा लागतो. तो आकडा देणारे आमचे बाबालालचाचा. फौजेतून आलेले, आमच्या फ्लाइंग क्लबचे चौकीदार. ऑफिसातल्या बॅरोमीटरच्या काचेवर नखानं तीन टिचक्या मारायचे... टक् टक् टक्... काटा मोकळा झाला की आकडा आणि वेळ फळ्यावर लिहायचे. आणि तो आकडा मोठ्यानं म्हटल्याशिवाय चाकापुढची लाकडं काढायचे नाहीत.

पण मामेभावानं दुबईहून मला जीपीएस आणलेला. आख्ख्या तालुक्यात एकमेव, असा माझा समज.

"चाचा, आता उंची उपग्रह सांगतोय."

"उपग्रह वर हाय, डोंगुर खाली हाय. आकडा बोल."

"एक हजार आठ! झालं?"

"लावलास का?"

"लावला हो!"

कसला लावतोय! तोंड बोललं, हात जीपीएसची बटणं दाबत होता. उंचीमापक पुस्तकातल्या सरासरी १०१३ वरच राहिला.

जाताना सगळं झकास. परतताना वळीव दाटून आला. ढग खाली दाबू लागले, तसा मीही खाली. समोर आगाशिवचा डोंगर. मांडीवरचा जीपीएस बघितला, तर दर मिनिटाला वेगळी उंची! (त्या काळात उपग्रहांचे सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायचे आणि त्यात उंची सगळ्यात कच्ची, हे ज्ञान मला नंतर झालं.) वेळ तेवढी अचूक होती... तीन वीस. उंचीमापक मात्र ठाम: डोंगरमाथ्याच्या वर पावणेतीनशे फूट. पुरे की, म्हटलं, आणि घुसलो पावसात.

आणि तेव्हा... टक् टक् टक्.

उंचीमापकाच्या काचेवर. इंजिनाच्या आवाजातही स्वच्छ. गारा नव्हत्या, आणि काच तर माझ्या समोर, आत! दचकून तिकडं बघितलं, तर खिडकीत १०१३. बटण उलटं फिरवलं, किती ते बघितलंही नाही. काटा सरसर घसरला... आणि डोंगरमाथ्याच्या आकड्यावर येऊन थांबला. म्हणजे मी डोंगराच्या वर नव्हतोच, बरोबरीला होतो!

पूर्ण ताकद देऊन नाक वर केलं. ढगाच्या फटीतून चाकाखाली शेरडं पळताना दिसली. एवढ्या जवळून की एकाच्या गळ्यातली घंटा मी आजही ओळखेन.

कराडला उतरलो. चाचा धावत आले.

"कुठं हुतास रं? दाब लय पडला म्हणून रेडिओवर वरडतोय, तू डोंगराआड. एक शब्द पोचला न्हाई."

"दाब... कवा बघितला तुम्ही?"

"फळ्यावर हाय की. वाच."

वाचलं. ३:२०... १००४.

तसाच विमानाकडं परत पळालो. काटा धावपट्टीच्या उंचीवर अगदी बिनचूक. खिडकीत १००४.

सगळी कबुली देऊन महिनाभर जमिनीवर बसलो आणि मगच लायसन्स मिळालं. टिचक्यांबद्दल म्हणाल तर भीतीनं कान वाजले असतील, चला, मान्य! पण मला माहीत होता तो निघतानाचा १००८. घाईत फिरवलेलं बटण नेमकं १००४ वर कसं थांबलं?

चाचांना विचारलं होतं. ते लाकडं चाकाला लावत म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. निघताना माझ्याशी खोटं का बोललास, ते आधी सांग."