रोमच्या रस्त्याला दोन पात्या

"भावोजींनी रोमच्या रस्त्याचीसुद्धा थोरली पाती आणि धाकटी पाती करून टाकली!"

धारचे माझे मेहुणे हे विधान प्रत्येक मुंजीत आणि प्रत्येक बारशाला करतात, आणि मंडळी हसतात. ते विधान खोटे आहे. निदान ते सांगतात त्या अर्थाने तरी खरे नाही.

माझ्या पुतणीला प्राचीन रस्त्यांवरील एका इटालियन पुस्तिकेचे इंग्रजी करण्याचे काम मिळाले होते. तिचे ते पहिलेच काम, आणि अनुवादक म्हणून तिचे नाव छापले जाणार होते. देवासच्या कारखान्यात इटालियन यंत्रे बसवायला आलेल्या मंडळींबरोबर मी अनेक वर्षे काढलेली. तिचे इटालियन अजून कच्चे होते, म्हणून अर्थ मी सांगावा, इंग्रजी तिने लिहावे, आणि इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेल्या मेहुण्यांनी ते धारहून तपासावे, असे ठरले.

'क्लिवो' म्हणजे चढाचा रस्ता, 'विकोलो' म्हणजे बोळ, इथवर सारे सुरळीत चालले. मग 'विया विचिनाले' आला: लगतच्या जमीनमालकांनी सांभाळायचा रस्ता. मेहुण्यांनी त्याचा सरळ 'नेबरहुड रोड' केला, जणू संध्याकाळी पाय मोकळे करायलाच तो बांधला होता. मी ते खोडायला लावले आणि सांगितले, "लिही, दोन्ही अंगांच्या मालकांनी आपापल्या बाजूने मध्यापर्यंत दुरुस्त करायचा रस्ता."

प्रकाशकाने विचारले, 'मध्यापर्यंत' हे मुळात कोठे आहे?

"काका, ओरिजिनलमध्ये तर फक्त 'आपापला भाग' लिहिलंय," पुतणी म्हणाली. "ये मध्यापर्यंत कुठून आलं? माझं नाव जाणार आहे यावर."

मी पान वाचले, पुन्हा वाचले. तो शब्द नव्हता. आणि तो वाचल्याचे मला तर लख्ख आठवत होते! आमच्या देवासात एकाच घराण्याच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याचे एक अंग थोरल्या पातीचे, समोरचे धाकटीचे. जो तो आपल्या बाजूने मध्यापर्यंत झाडून घेई, असे वडील सांगत. मग मी पाहिला तो रस्ता कोणता? पुस्तिकेतला, की वडिलांच्या बोलण्यातला? डोळे मिटले की दोन्ही एकमेकांत मिसळत, आणि कोणता कोठे संपतो ते मला उमगेना.

मेहुणे फोनवर होतेच. "भावोजी, आमच्या धारला दरबार एकच होता. त्यामुळे आम्हांला रस्ता अख्खा दिसतो."

"त्यामुळेच तो कोण सांभाळतो ते तुम्हांला दिसत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही दोघं भांडू नका ना," पुतणी रडवेली झाली होती. "काका, ठेवू की काढू? एवढंच सांगा."

शब्द मुळात नव्हता, हे मान्य. पण आम्ही तिघेही शब्दांतच डोके घालून बसलो होतो. चित्रांची पाने कोणी उलटलीही नव्हती. ती मी उलटली आणि म्हणालो, "ठेव."

तिने ते ठेवले, आपल्या नावाखाली. मेहुणे त्याला माझा हट्ट म्हणतात. म्हणोत. उत्खननाच्या छायाचित्रात त्या रस्त्याच्या एका अंगाला काळा दगड आहे, दुसऱ्याला पांढरा, आणि दोहोंमधला सांधा रस्त्याच्या बरोबर मधून सरळ गेलेला आहे.