मामंजींचा अमेरिकेतला हिस्सा

माझे सासरे वर्कशॉप विकून घरी बसले तोवर मला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडं माझं बोलणं कधी झालेलं नव्हतं. ते सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. ऑइल इंजिनाचे सुटे भाग घासून, मापात बसवून द्यायचं त्यांचं काम. माझा नवरा त्या धंद्यात उतरला नाही, नोकरीला लागला. मग एक दिवस गुडघे बोलायला लागल्यावर मामंजी म्हणाले, "आता बास," आणि राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत येऊन बसले.

बसायची त्यांना सवयच नव्हती. घरातले सगळे नळ दुरुस्त झाले, दारांना तेलपाणी झालं, शेवटी त्यांनी सासूबाईंचा चांगला चालणारा मिक्सर खोलला. त्यावरून सासूबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला आणि मामंजी खुर्ची उचलून माझ्या टेबलाजवळ आले.

मी कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. क्लास दुपारचा, त्यामुळं सकाळी चहा घेत फोनवर शेअर बघायचा मला नाद लागला होता. अमेरिकेतल्या कंपन्यांचे थोडेथोडे शेअर मी घ्यायला लागले होते. तिकडच्या पुष्कळ कंपन्या दर तिमाहीला लाभांश देतात, त्याचं मला अप्रूप होतं.

"एवढं काय बघतीस?" मामंजींनी विचारलं.

"अमेरिकेतल्या कंपन्या, मामा."

"का? हितल्या बंद पडल्या काय?"

मी हसले आणि समजावून सांगितलं. शेअरचा भाव किती, त्यावर वर्षाला लाभांश किती, आणि शंभराला तो किती पडतो. त्याला यील्ड म्हणतात.

"म्हणजे उसाचा उतारा असतोय तसंच की," ते म्हणाले. "एवढा ऊस घातला, साखर किती निघाली."

मला स्वतःला इतका चांगला शब्द सुचला नसता. त्या दिवसापासून आमच्या घरात यील्ड गेलं आणि उतारा आला.

मग रोज सकाळी आमची बैठक भरायला लागली. मी कंपनीची माहिती वाचायची आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बनवतीया काय?" सॉफ्टवेअर म्हटलं की ते हातानंच पुढं चल म्हणायचे. रंग, साबण, बोल्ट असं काही निघालं की सरसावून बसायचे. आतून सासूबाई म्हणायच्या, "च्या निवला तुमचा." त्यांचा राग तोवर गेलेला असायचा, पण तसं त्या दाखवायच्या नाहीत.

एके दिवशी मामंजींनी स्वतःच बोट ठेवून एक कंपनी दाखवली. दुकानगाळे भाड्यानं देणारी. तिचा उतारा होता अकरा टक्के.

"ही घे की! बाकीच्या सगळ्या दोनावर नि तीनावर रखडल्यात."

"मामा, हिचा लाभांश वाढलेला नाही. भाव पडलाय. भाव निम्मा झाला की उतारा आपोआप दुप्पट दिसतो." मग मी त्यांना पुढचं दाखवलं. कंपनी कमवत होती त्याहून जास्त वाटत होती.

"मग देत्यात कुठनं?"

"कर्ज काढून. नाहीतर एखादी इमारत विकून."

मामंजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी पण असंच केलतं."

ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते ऐन उमेदीत असताना मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावातून त्यांनी अमेरिकन ग्राइंडर आणला होता. लोखंडाचा पृष्ठभाग केसभर मापात घासणारं ते मशीन. कोल्हापुरात तसं काम मोजक्या ठिकाणी व्हायचं, त्यामुळं लांबलांबून माणसं यायची. मग एका वर्षी इंजिनांची मागणी आटली. दिवाळी तोंडावर आली आणि कामगारांच्या बोनसला पैसे नव्हते. मामंजींनी ग्राइंडर विकला आणि सगळ्यांना पुरा बोनस दिला.

"समद्या उद्यमनगरानं पाठ थोपाटली," ते म्हणाले. "खरं पुढच्या साली अचूक मापाचं काम यायचंच थांबलं. त्या मशीनवरचे दोन हुशार गडी सोडून गेले. मी वाटलं ते फायद्यातलं न्हवतं, पोरी. मशीन कापून वाटलं."

सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. हातात अर्धी निवडलेली मेथी होती.

"मला म्हणालासा, मशीन जुनं झालं म्हणून विकलं," त्या म्हणाल्या.

मामंजी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "सणात तुला कशाला घोर." मग माझ्याकडं वळून, "सोड ती अकरावाली."

काही महिन्यांनी त्या कंपनीनं लाभांश निम्म्यावर आणला. बातमी वाचून दाखवताना मला माझंच खरं ठरल्याचा जरा तोरा चढला होता. मामंजी मात्र एवढंच बोलले, "तिथल्या मालकाला लई जड गेलं आसंल."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तो ग्राइंडर बनवणारी फर्म हाय काय अजून?"

शोधलं. होती. आता मशीनबरोबर इतरही बरंच काही करत होती. उतारा दोनाच्या जरा खालीच, पण लाभांश दरवर्षी चिमूटभर वाढवत आलेली, आणि नफ्यातला निम्म्याहून कमी भाग वाटून बाकीचा धंद्यात ठेवणारी.

"हिला घेऊया," मामंजी म्हणाले. "खरं माझ्या नावानं."

त्यासाठी आम्ही बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवायचे म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "आजोबा, मुलगा अमेरिकेत असतो का?"

"न्हाय."

"मग नातवंडं शिकायला?"

"न्हाय वो. माझं मशीन तिकडचं हुतं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी शेअर घ्यायचे आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचा हात पुन्हा चालायला लागला.

पहिला लाभांश आला तो अगदी किरकोळ, आणि त्यातलाही पाव हिस्सा तिकडच्या सरकारनं करापोटी कापून घेतलेला. "हितल्या सरकारागतच हाय की," मामंजी म्हणाले. पण ते खूश होते. पायात चपला घालून खाली गेले, पेढे घेऊन आले आणि बिल्डिंगच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटले. "अमेरिकेच्या फर्मचा भागीदार हाय मी," असं प्रत्येकाला सांगत. लाभांशापेक्षा पेढे महाग पडले, हे माझ्या नवऱ्यानं दाखवून दिलं. "तू गप रं," असं त्याला उत्तर मिळालं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मामंजींनी इचलकरंजीला जायचं काढलं. ग्राइंडर तिथल्या यंत्रमागाचे भाग दुरुस्त करणाऱ्या एकानं घेतला होता. तो माणूस आता हयात नव्हता, पण मुलगा तोच कारखाना चालवत होता. सासूबाईही निघाल्या. "मी पण येतो," म्हणाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत गाडीत जाऊन बसल्या.

त्या गल्लीत दोन्हीकडं मागांचा खडखडाट चाललेला. मामंजींनी कशासाठी आलोय ते ओरडून सांगितलं. मालक तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "पावणं, त्ये विकायचं न्हाय हं!"

"घ्यायला न्हाय आलो. बघायला आलोय."

कोपऱ्यात तो होता. हिरवा रंग दिलेला, पण चालू. मामंजी जवळ गेले आणि चालत्या मशीनच्या अंगावर त्यांनी तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मालकानं चहा मागवला. सासूबाई पदरानं तोंड पुसत त्या मशीनकडं बघत राहिल्या. त्या कधी वर्कशॉपमध्ये गेल्याच नव्हत्या, हे मला त्यांच्याकडं बघून कळलं.

परतताना हातकणंगले मागं पडलं. मग मामंजी सासूबाईंना म्हणाले, "बरं ठेवलंय न्हाय?"

"ठेवलंय की," त्या म्हणाल्या.

पुढं दोनेक वर्षांनी कंपनीनं जाहीर केलं की मशीन बनवायचा विभाग आपण विकतोय, यापुढं दवाखान्यातली उपकरणं आणि सॉफ्टवेअर एवढंच ठेवणार. लाभांश वाढणार होता. मी मामंजींना आकडे दाखवून सांगितलं, आता तर हा शेअर मुळीच सोडायचा नाही.

"मशीनच न्हाईत, तर आपलं तिथं काय काम?" ते म्हणाले.

"मामा, उतारा वाढेल."

"वाढू दे की. ज्यांस्नी पायजे ते घेतील."

माझं काही चाललं नाही. त्यांनी सगळे शेअर विकले. पुढच्या वर्षभरात त्या शेअरचा भाव चांगलाच चढला. मी एकदा न राहवून सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं त्यांचं," आणि पेपर उलटला. हिशेब माझा बरोबर होता, अजूनही मला तसंच वाटतं. पण त्यांना कधी हळहळताना मी पाहिलं नाही.

आलेल्या पैशांतून त्यांनी सासूबाईंना विमानानं तिरुपतीला नेलं. मीही बरोबर होते. सासूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घेतली होती आणि ती तपासणीच्या पट्ट्यावर सोडायला त्यांचा जीव होईना. विमान धावायला लागलं तशी त्यांनी मामंजींचा हात धरला. चारचौघांत त्या दोघांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मामंजींनी हात तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हातानं हवाईसुंदरीला बोलावून विचारलं, "इंजिन कुठल्या कंपनीचं वो ह्ये?" तिला सांगता आलं नाही. उतरताना त्यांनी पायलटला गाठून विचारून घेतलंच.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी ते खुर्ची घेऊन आले. "आता पंप बनवणारी एखादी बघ. पाण्याला मरण न्हाय."

आम्ही पंपवाल्या कंपन्या बघायला लागलो. जर्मनीची पाहिली, जपानची पाहिली, अमेरिकेच्या तर कितीतरी. एकीवर कर्ज फार, एकीनं मंदीत लाभांश थांबवलेला, एकीचं सगळं ठीक तर भाव इतका की उतारा नावालाच. मामंजी प्रत्येकीत काहीतरी खोट काढायचे. त्यांना घ्यायचंच नाहीये, त्यांना सकाळी बसून बघायचंय, हे मला हळूहळू उमगलं, आणि मलाही घाई उरली नाही. पावसाळा गेला, थंडी आली. गॅलरीत ऊन यायचं, खाली भाजीवाला ओरडायचा, सासूबाई आतून चहा निवल्याचं सांगायच्या, आणि आम्ही दोघं कुठल्यातरी लांबच्या गावातल्या पंपांवर वाद घालत असायचो.

त्याच थंडीत मामंजी गेले, दोन दिवसांच्या तापानं. शेवटी जी कंपनी आम्ही बघत होतो तिची माहिती निम्मीच वाचून झाली होती. ती बरी वाटते, असं त्यांचं मत पडायला लागलं होतं.