उसन्या आठ पोरांची हजेरी

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी कसा झालो, तर त्या सभेला उशिरा पोचलो म्हणून. आमच्या डोळखांबकडे रीतच आहे, जो हजर नसतो त्याचं नाव सगळ्यांना एकमताने सुचतं.

मीही हुरळलो. ग्रामसभेत उठून बोलायला हक्काचं निमित्त मिळालं. ओढ्यावर साकव बांधायचा ठराव तोवर दोनदा झाला होता आणि निधी दोन्ही वेळा ग्रामपंचायतीच्या दारातल्या पेव्हर ब्लॉकांत गेला होता. मी तावातावाने भांडलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साकव काही झाला नाही.

मग कळलं, कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं मोठ्या शाळेत पाठवणार. मोठी शाळा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात तिथे माझ्या कमरेएवढं पाणी असतं. माझी लेक पहिलीत. माझी कमर तिच्या कुठवर येते हे एकदा मनात आलं आणि हातातला घास तसाच राहिला.

शहापूरहून साहेब पट मोजायला येणार होते. कागदावर पोरं बावीस, वर्गात तेरा. बाकीची दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. आमच्या बाई म्हणाल्या, "दादा, आहे ते खरं सांगू. भट्टीवर गेलेल्या पोरांची मी यादी केलीय."

"बाई, यादी काय बाकावर बसनार? साहेबाला डोकी दिसाय पायजेत," मी म्हणालो. माझंच डोकं तेवढं त्यात धरायचं राहिलं.

टेकडीपलीकडे माझी सासरवाडी. तिथेही तशीच कमी पटाची शाळा, तोच गणवेश. मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, आठ नेवा. आमच्या गुरुजींना सांगतो, हळदीला गेलीत. पन पोरांना भजी द्याल ना?"

सकाळी आठही पोरं पायवाटेने टेकडी उतरून आली नि आमच्या पोरांत मिसळून बसली. बाईंचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी भट्टीवरच्या पोरांची यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

साहेब आले. बोटाने मोजत मोजत एका उसन्या पोरापाशी थांबले. "काय रे, तुझ्या शाळेला खोल्या किती?"

"तीन," पोरगा खणखणीत म्हणाला.

आमची शाळा एका खोलीची. "साहेब, तो पडवी नि संडास धरून बोलतो," मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता मलाच वर्गात बसवतात. पण त्यांनी एकवीस लिहिलं नि फाइल मिटली.

मी श्वास सोडतोय तोच ते म्हणाले, "चला, आता टेकडीपलीकडची शाळा. तिचाही पट काठावरच आहे."

दोन्ही शाळा एकाच दिवशी तपासणार हे मला माहीतच नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं. गाडीने वीस मिनिटं, पायवाटेने पोरांना तासभर. तिकडे आठ जागा रिकाम्या. म्हणजे आमची शाळा राखायला मी सासरवाडीची शाळा बुडवत होतो. ती बंद झाली, तर तिथल्या पोरांच्या वाटेतही हाच ओढा येणार होता.

"साहेब, चहा घ्या ना. नाश्ता?"

"तिकडेच घेऊ."

"साहेब, तिकडचा चहा लय वाईट असतो."

ते गाडीत बसले. दार लागलं. ड्रायव्हरने चावी फिरवली आणि मी गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. हे शौर्य नव्हतं, चहाचं निमित्त संपलं होतं. "साहेब, ह्यातली आठ तिकडची हाईत. मी आनलीत. बाईंचा काय दोष नाय."

साहेबांनी काच खाली करून फाइलमधला कोरा कागद पुढे केला. मग म्हणाले, "लिहून द्या."

मी लिहून दिलं. अक्षर त्यांना लागेना, म्हणून त्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, सगळ्या वर्गासमोर. माझी लेक पहिल्या रांगेत होती. मग त्यांनी एकवीस खोडून तेरा केलं. बाईंनी भट्टीवरच्या पोरांची यादी पुढे केली.

"ही आधी का नाही दिली?"

"मीच नको म्हनालो, साहेब," मी म्हणालो.

"फाइलला लावतो. वर काय ठरेल ते माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले आणि आठही पोरं गाडीत कोंबली. मलाही. ड्रायव्हरच्या बाजूला बसून मी सासरवाडीला गेलो, जावई म्हणून नाही, पुरावा म्हणून. गुरुजी दारातच होते. मेव्हणा दिसला नाही. गाडीचा आवाज ऐकून तो रानात गेला होता म्हणे. एक पोरगा उतरता उतरता ओरडला, "गुरुजी, भजी नाय दिली!"

तिकडचा पट पुरा भरला.

मी टेकडी चढून पायीच घरी आलो. बायको उंबऱ्यातच उभी. लेकीने सगळं सांगितलेलं होतं.

"माझ्या माहेरची शाळा ऱ्हायली?"

"ऱ्हायली."

"नि आपली?"

मी चपला काढण्यात बराच वेळ घालवला. शाळेचं काय ठरलं त्याचं पत्र अजून आलेलं नाही. संध्याकाळी लेक दप्तर भरायला बसली की आम्ही दोघंही तिच्या उंचीकडे बघत असतो.