अक्काच्या ओट्यावर टिकणारा पॉडकास्ट

तुमचं बोलणं ऐकून सगळ्यांनी माना डोलवल्या, म्हणजे तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटायचं. कामगार युनियनची पत्रकं वाटतच मी लहानाचा मोठा झालो.

आमच्या गल्लीत एक अक्का आहे. दुपारी तिच्या ओट्यावर पाच-सहा बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळतात आणि तिच्या मोबाइलवर पॉडकास्ट लागतो. कुठला सबस्क्राइब करायचा हे तीच ठरवते. ऐकताना बायका भांडल्या तर ठेवायचा, नाहीतर काढायचा.

अंतराळावरचा एक तिनं ठेवलाय. चंद्रावर पाणी आहे हे ऐकून एकीनं विचारलं, "मग तितं तरी रोज नळ येतो का?" त्यावरून अशी जुंपली की विड्या राहिल्या बाजूला. मी समोरच्या दारात जळत उभा होतो.

कारण विडी कामगारांच्या हक्कांवर मीही पॉडकास्ट सुरू केला होता आणि तो या ओट्यावर टिकावा एवढीच माझी इच्छा होती. पहिला भाग बायकांनी शांतपणे ऐकला, माना डोलवल्या. अक्कानं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला आणि मला काढून टाकलं.

"काय चुकलं, अक्का?"

"चुकलं काय न्हाय की. सगळं खरंच हाय. मग आमी बोलायचं काय?"

तेव्हापासून मला चंद्राचा मत्सर वाटतो.

दुसरा भाग तयार आहे. तो ऐका आणि जिथं पटणार नाही तिथं मला अडवा. ओट्यावर जाण्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे.