जुन्या ट्रॅक्टरचा पारखी

येरमाळ्याला मी माझ्याच वयाचा एक जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला गेलो होतो. तिथं एक अनोळखी म्हातारा न विचारताच पुढं झाला. पोराचा ताप बघावा तसा त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला.

"आधीच गरम करून ठिवलाय. थंडा असताना सुरू करून बघावा."

मग नखानं नवा रंग खरवडून त्यानं खालचा वेल्डिंगचा जोड दाखवला. इंजिनातलं ऑइल चिमटीत चोळलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"धूर लई मारतोय. नादी लागू नका."

मी त्याचे आभार मानून परतलो.

पुढं काही दिवसांनी ढोकीच्या रस्त्यावर तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढत समोरून आला. वर तोच म्हातारा. मला बघून त्यानं ऐटीत हात केला.

"म्या खोटं बोललो का? धूर बघा की!"