गोठणाऱ्या वाट्या

मरणाला सगळेच भितात, पण मरण नेमकं कोणत्या वाटीत बसलंय हे रोज सकाळी तपासून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. कोराडीच्या वीज केंद्रात कारकून, राहायला नागपुरात, सक्करदऱ्याला. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात ते आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, एवढेच. साडूंचे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले. थोरले भाऊही पन्नाशीतच, जिना चढता चढता गेले. साडूंना सत्तेचाळिसावं लागलं आणि ते उरलेली वर्षं बोटांवर मोजू लागले. दिवसातून दहादा स्वतःची नाडी बघत. बसमध्ये शेजारच्याचीही बघत, तुलनेसाठी.

या भीतीला वळण लावण्याचं पाप माझं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. डॉक्टरांनी साडूंना तूप-वनस्पती कमी करायला आणि तेलही बेतानंच खायला सांगितलं होतं. ते तडक माझ्याकडे आले. "मास्तर, हे संपृक्त-असंपृक्त काय भानगड आहे, समजावून सांगा जी." मी वहीत कार्बनची साखळी काढली, हायड्रोजननं कुठे सगळ्या जागा भरल्यात आणि कुठे मोकळ्या आहेत ते दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हंजे आमची कोराडीची बस. एकही सीट रिकामी नाही, ते संपृक्त." असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नव्हता. त्या आनंदात मी एक ढोबळ खूण सांगून बसलो, की गारठ्यात जे गोठतं त्यात संपृक्त जास्त, पातळ राहतं त्यात कमी. त्यापुढे प्रमाणाबद्दल बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

त्या हिवाळ्यापासून साडूंच्या गच्चीच्या कठड्यावर संध्याकाळी वाट्यांची रांग लागू लागली. घरच्या भाजीचा रस्सा, शेजारून आलेला शिरा, कचेरीतल्या कुणाच्या डब्यातलं वांगं, प्रत्येक वाटीखाली चिठ्ठी. सकाळी तोंडही न धुता मफलर गुंडाळून ते वर जात आणि एकेक वाटी तिरपी करून बघत. त्यामुळे त्या घरात कालची भाजी आज, निकाल लागल्यावर जेवत. पास झाली तर साडू दोन भाकरी जास्त खात. नापास झालेलं पातेलं दूर सारत आणि ताईंना म्हणत, "फुल्ल बस आहे वं, मी नाही बसत." त्या पातेल्याचं पुढे काय होई हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही नाही.

उन्हाळ्यात त्यांचे फार हाल. नागपूरच्या मे महिन्यात गोठणार काय? मग ते बर्फ आणून त्यात वाट्या बसवत. खोबरेल तेलाची बाटली थंडीत पांढरी पडलेली पाहून त्यांनी डोक्याला तेल लावणं सोडलं. टाळूतून ते काळजापर्यंत उतरेल अशी त्यांना धास्ती होती. एका नातलगाच्या लग्नातून त्यांनी बुंदी डबीत घालून आणली आणि दुसऱ्या दिवशी वरपूजेच्या थकव्यातून अजून न उठलेल्या वधूपित्याला जाऊन सांगितलं, "तुमची बुंदी गोठली जी, जपा." तो माणूस पुढे दोन वर्षं आमच्या कुणाशी बोलला नाही.

जवसाचं तेल मात्र कधी गोठलं नाही, म्हणून त्याला सगळं माफ. त्या तेलात तळलेल्या चौदा सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, एका बैठकीत खाताना मी त्यांना पाहिलंय. शर्टाची बटणं तटतटू लागली. मी म्हणालो, अहो, प्रमाण म्हणून काही असतं. "ज्या तेलाले थंडी काही करत नाही, ते मले काय करते? अन् मास्तर, तुमीच तं सांगितलं."

त्यांचं पन्नासावं वर्ष लागलं, त्या जानेवारीत एका सकाळी निरोप आला, रामदासपेठेतल्या दवाखान्यात या. रिक्षात मी मनाशी धरूनच चाललो होतो की साडू गेले, आणि आपल्यामुळे गेले. पोहोचलो तर साडू व्हरांड्यात उभे, मफलर तसाच. आत ताई होत्या. हृदयविकाराचा झटका त्यांना आला होता.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "खाणंपिणं कसं आहे?" साडूंनी सगळं धडाधडा सांगितलं, तूप बंद, वनस्पती बंद, वाट्यांसकट.

"तुमचं नाही हो. यांचं."

 माझ्यासोबत आलेली बायको रडत म्हणाली, "भाऊजी, नापास झालेलं सगळं ताईच खाऊन राहिली होती. पातेलंभर अन्न फेकते का कोणी?"

"मले तं वाटे, कामवाल्या बाईले देते," साडू म्हणाले.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, एवढ्यानंच असं होतं असं नाही, कारणं पुष्कळ असतात. साडूंच्या कानात ते शिरलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

ताई घरी आल्या. दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी गेलो, तर त्या जेवायला बसल्या होत्या आणि साडू समोर. त्या घरात बायका पुरुषांचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात जेवत, त्यामुळे हे दृश्य मला नवं होतं. साडू त्यांच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघत होते.

"असं पाह्यलं का घास उतरत नाही मले," ताई म्हणाल्या. "तिकडे तोंड करा जरासं."

साडू मुकाट्यानं भिंतीकडे वळून बसले.

"काय घेतलं वं?"

"भाकर."

"त्याच्यावर?"

"काही नाही जी."

"खरं सांगून राहिली नं?"

ताई नुसत्या हसल्या. साडू भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली लग्नाले, मास्तर. हिचं ताट मी पाह्यलंच नव्हतं."

 पाठमोरा माणूसही किती घाबरलेला दिसतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. ताई सावकाश जेवत होत्या. त्या हात धुवून येईपर्यंत साडू भिंतीकडे तोंड करून तसेच बसून राहिले, आणि स्वतःचं ताट त्यांनी अजून वाढूनही घेतलं नव्हतं.